मणक्याच्या दुखापतीनंतर घरी येताना: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

परांचीवरून पडून, गाडीच्या अपघातात किंवा विहिरीत उतरताना मणका मोडतो, मज्जारज्जूला मार बसतो आणि कंबरेखालचं बळ जातं. मग घरात एकच प्रश्न उरतो: पुन्हा चालता कधी येईल? सगळी धावपळ त्याच्याच मागे होते. रोज तेलाचं मालिश, रोज दोघांनी धरून उभं करणं, कुणी सांगेल त्या गावी लेप लावायला जाणं. तोवर माकडहाडावर एक लाल डाग तीन दिवस तसाच असतो आणि त्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. महिन्याभरात तो हाडापर्यंत उतरतो, ताप भरतो, पुन्हा ॲडमिट व्हावं लागतं आणि ज्या व्यायामासाठी एवढा आटापिटा केला तोच दोन-तीन महिने बंद पडतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कातडी, मग लघवी, मग शौच, मग बसणं, मग बाहेर पडणं. व्यायाम पहिल्या दिवसापासून चालूच राहतो, पण या घडीवर तो टिकतो. पुढची माहिती मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी आहे. मेंदूतल्या झटक्याने एक बाजू गेली असेल तर लघवी-शौचाचे भाग जसेच्या तसे लागू करू नका.

## १. डिस्चार्जच्या आधीचे दहा दिवस

डॉक्टरांकडून या गोष्टी कागदावर लिहून घ्या: दुखापत कोणत्या पातळीची (उदा. डी ४, डी १२, एल १; डी म्हणजे पाठीचा मणका, एल म्हणजे कंबरेचा), पूर्ण की अपूर्ण (दुखापतीखाली थोडी संवेदना किंवा हालचाल उरली आहे का), मणका आता स्थिर आहे का, कंबरेचा पट्टा किती आठवडे आणि कधी-कधी घालायचा, रक्त पातळ करायचं औषध कधीपर्यंत, लघवीसाठी कोणती पद्धत. डी ६ किंवा त्याच्या वरची, म्हणजे मानेच्या बाजूची, दुखापत असेल तर पाचवा टप्पा आधी वाचा.

घरातल्या दोघांनी शिकायचं, एकाने नाही. एकटी बायको किंवा एकटी आई सगळं शिकते, तिला ताप आला की घर थांबतं. कुशीवर वळवणं, कॅथेटर (लघवी काढायची नळी), शौचाची पद्धत आणि पलंगावरून खुर्चीत घेणं ही चार कामं दोघांनी सिस्टरच्या देखत, स्वतःच्या हाताने, किमान तीन-तीन वेळा करून पाहावीत. ‘बघितलंय, येतं’ म्हणणाऱ्याचे हात घरी पहिल्या रात्री थरथरतात. पेशंटचे हात चालत असतील तर तो तिसरा शिकणारा, आणि पुढे तोच मुख्य.

याच काळात घरी कुणीतरी टेप घेऊन मापं काढा. साधी व्हीलचेअर बाहेरून ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असते. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांत उंबरठा उंच आणि दार अरुंद. सिडकोतल्या रो-हाऊसमध्ये खोलीचं दार पुरतं, पण संडास-बाथरूमचं अडतं. भिंत फोडायच्या आधी दाराची फळी बिजागरीतून काढून पडदा लावून बघा, तीन-चार सेंटिमीटर मिळतात. तरी अडलं तर आंघोळ आणि शौचासाठी अरुंद, चाकांची कमोड-चेअर घ्या, ती देशी भांड्यावरही सरकवता येते.

उताराचं माप लक्षात ठेवा: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार लागतो. गवंडी दीड-दोन फुटांचा सिमेंटचा उतार करून देतो. त्यावर खुर्ची चढताना मागे उलटते आणि डोकं आपटतं. जागा नसेल तर पक्कं बांधकाम करू नका, खाली टेकू दिलेली खरबरीत लोखंडी पत्र्याची लांब फळी वेळेपुरती टाका.

पलंग गादीसकट खुर्चीच्या बैठकीएवढ्या उंचीचा हवा, साधारण १९-२० इंच. कमी असेल तर चारही पायांखाली एकसारखे लाकडी ठोकळे द्या. विटा नकोत, त्या सरकतात.

तपासा: निघण्याआधी घरात एअर बेड, उशा (किमान सहा), कॅथेटर, जेली, हातमोजे, हातात धरायचा आरसा आणि व्हीलचेअरची गादी आली आहे का? गादीशिवाय खुर्चीत एक तासही बसवू नका.

## २. कातडी

ज्या भागाला संवेदना नाही तो भाग ‘सरक’ असं सांगत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. वर दिसतो तो फक्त डाग.

झोपताना. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. वेळापत्रक भिंतीवर लावा: उजवी, पाठ, डावी, पाठ. पूर्ण आडव्या कुशीवर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी देऊन शरीर अर्धवट, साधारण ३० अंशांत कलतं ठेवा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटरीखाली एक उशी अशी, की टाच हवेत राहील. टाचेखाली उशी दिली तर टाच दाबलेलीच राहते, ही चूक घरोघरी दिसते. महिनाभर कातडी स्वच्छ राहिली तर डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर हळूहळू तीन-चार तासांपर्यंत वाढवता येतं.

एअर बेड. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही, असं नसतं. पेशंट झोपलेला असताना माकडहाडाच्या खाली, एअर बेड आणि गादीच्या मध्ये तळहात सरकवा. वर हवेचा किमान इंचभर थर जाणवला पाहिजे. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून खाली चांगली फोमची गादी कायम असू द्या. भारनियमन असलेल्या गावात पंप इन्व्हर्टरवर घ्या.

बसताना. दर १५ ते २० मिनिटांनी बैठकीवरचा भार काढायचा आणि तो पूर्ण एक ते दोन मिनिटं काढून ठेवायचा. हाताने शरीर उचलून पाच सेकंदांत परत बसणं पुरत नाही. सोपी पद्धत अशी: ब्रेक लावा, समोर टेबल घ्या, कोपर त्यावर टेकून छाती मांड्यांकडे झुकवा. पट्टा चालू असेल तर पुढे झुकू नका, मागून कुणीतरी खुर्ची तिरपी धरावी. मोबाईलवर गजर लावा.

रोज दोनदा पाहणी. सकाळी उठल्यावर आणि रात्री. जागा ठरलेल्या आहेत: माकडहाड, दोन्ही बैठकीची हाडं, खुबे, घोटे, टाचा, पाठीचा कणा, कोपर. डाग दिसला की बोटाने तीन सेकंद दाबा आणि सोडा. जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर दाब वेळेत कळला, त्या बाजूला आज पडू नका. बोट उचलल्यावरही रंग तसाच राहिला तर जखमेची ही पहिली पायरी आहे. तो डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर शून्य भार. मग चार दिवस पालथं-कुशीवर काढावे लागले तरी काढायचे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताची पाठ फिरवा, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागली तर तीच खूण.

सावधान:
- डागावर मालिश नको, आतली दुखावलेली जागा आणखी फाटते.
- हवेची गोल रिंग नको. कडेच्या दाबाने मधल्या भागाचं रक्त अडतं.
- पेशंटला चादरीवरून ओढू नका, उचलून सरकवा.
- जीन्सचा मागचा खिसा, खिशातलं नाणं, चादरीची घडी, कॅथेटरचं टोपण: एवढ्यानेही एका रात्रीत जखम होते. बसवल्यावर खालून एकदा हात फिरवा.
- निफाड पट्ट्यात थंडीत पारा एक आकडी होतो आणि गरम पाण्याची पिशवी पायाशी दिली जाते. बधिर पायाला चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतात. पिशवी, शेकोटी, मांडीवर चहाचं पातेलं, मोटारसायकलचा सायलेन्सर या सगळ्यांपासून पाय लांब ठेवा. आंघोळीचं पाणी स्वतःच्या कोपराने तपासा.

## ३. लघवी

इथे चूक झाली तर परिणाम मूत्रपिंडावर होतो आणि तो काही वर्षांनी दिसतो. मूत्राशय (लघवीची आतली पिशवी) भरून दाब वाढला की लघवी उलटी वर जाते. म्हणून कपडे ओले न होणं एवढंच पुरेसं नाही. मूत्राशय कमी दाबाने, वेळेवर रिकामं झालं पाहिजे.

ज्यांचे हात चालतात त्यांच्यासाठी बहुतेक वेळा ठरावीक वेळी कॅथेटर घालून काढण्याची पद्धत सगळ्यांत चांगली.

1. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. लघवीची जागा साबण-पाण्याने किंवा ओल्या कापडाने पुसा. स्त्रियांनी पुढून मागे.
2. कॅथेटरला (मोठ्या माणसाला बहुधा १२ किंवा १४ नंबर) भरपूर जेली लावा. खोबरेल तेल, व्हॅसलीन नको.
3. पुरुषांनी लिंग वर, पोटाच्या दिशेने उचलून धरावं म्हणजे वळण सरळ होतं. कॅथेटर सावकाश आत सरकवा. अडलं तर जोर लावू नका, थांबा, दोन दीर्घ श्वास घ्या, पुन्हा हलका दाब द्या. स्त्रियांनी सुरुवातीला आरसा वापरावा. कॅथेटर चुकून योनीमार्गात गेला तर तो तिथेच राहू द्या, नवा घेऊन त्याच्या वरच्या छिद्रात घाला, मग पहिला काढा.
4. लघवी यायला लागली की आणखी इंचभर आत न्या आणि धार थांबेपर्यंत थांबा.
5. काढताना सावकाश. मध्ये पुन्हा धार आली तर तिथेच थांबा. घाईने काढलं की तळाची लघवी राहते आणि तिथूनच जंतू वाढतात.
6. मापाच्या भांड्यात मोजा आणि वहीत लिहा.

अंतर चार ते सहा तास. एका वेळी ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त निघत असेल तर अंतर कमी करा. दिवसभरात साधारण दोन लिटर पाणी, पण वाटून. एकदम तांब्याभर पिऊन मग चार तास वाट पाहू नका. संध्याकाळनंतर कमी करा. लघवी होऊ नये म्हणून पाणीच बंद करणं ही सर्रास होणारी चूक आहे, त्याने खडे होतात आणि शौचही कडक होतं.

कायमचा कॅथेटर असेल तर नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, लघवी साठायची पिशवी सदैव कंबरेच्या खाली, पण जमिनीला न टेकणारी. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. व्हीलचेअरवरून नेताना पिशवी पेशंटच्या मांडीवर ठेवली जाते, तेव्हा जुनी लघवी परत आत जाते. ‘मूत्राशयाला सवय लागावी’ म्हणून नळीला चिमटा लावून ठेवणं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका.

तपासा: थंडी वाजून ताप, अचानक गळती, पाय नेहमीपेक्षा जास्त आखडणं किंवा उडणं, घाण वास आणि गढूळपणा एकत्र आले तर औषध सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) द्या. ताप नाही, त्रास नाही, फक्त गढूळ आहे, म्हणून दुकानातून अँटिबायोटिक आणू नका. सारखं असं केलं की खऱ्या तापाला औषध लागू पडत नाही.

## ४. शौच

आतड्याला वेळेची सवय लावायची. रोज किंवा एक दिवसाआड, पण तीच वेळ. चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्या. डाव्या कुशीवर किंवा मऊ सीटच्या कमोडवर सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) आतड्याच्या भिंतीला टेकवून आत सरकवा. मलात खुपसली तर ती काम करत नाही. १५-२० मिनिटं थांबा. मग हातमोजा, जेली आणि एक बोट इंच-दीड इंच आत, अर्धा ते एक मिनिट हलकं गोल फिरवा. गरज पडली तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. मज्जारज्जूच्या अगदी टोकाची, कंबरेतली दुखापत असेल तर गुदद्वार ढिलं असतं आणि बोट फिरवून प्रतिसाद येत नाही. तिथे मल बोटाने काढावाच लागतो. कोणता प्रकार आहे हे डिस्चार्जआधी विचारा.

नवी पद्धत बसायला तीन-चार आठवडे जातात. लोक तिसऱ्या दिवशी वेळ बदलतात, पाचव्या दिवशी नवं चूर्ण आणतात, मग आठवडाभर जुलाब. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान आठवडा थांबा. कमोडवर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नका, तिथेही जखम होते. चार दिवस काहीच न होता पातळ गळती सुरू झाली तर ते जुलाब नसून अडकलेल्या मलाच्या बाजूने झिरपणं असू शकतं. जुलाब थांबवायची गोळी देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

## ५. डी ६ आणि वरच्या दुखापतीची तातडी

दुखापतीच्या खाली काही अडलं किंवा टोचलं की या पेशंटचं बीपी अचानक चढतं, याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. हा टप्पा छापून पलंगाशी लावा. जवळच्या दवाखान्यातही दाखवा, कारण सगळ्यांनी असा पेशंट पाहिलेला नसतो.

खुणा: अचानक ठणकणारं डोकं, चेहरा-मान लाल, दुखापतीच्या वर घाम, अंगावर काटा, नाक चोंदणं, आणि बीपी नेहमीपेक्षा २० ते ४० ने वर. या पेशंटचं रोजचं बीपी बरेचदा ९० ते ११० च्या घरात असतं. त्यामुळे १४० दिसलं आणि कुणी ‘थोडंसंच जास्त आहे’ म्हणालं तर ऐकू नका.

1. लगेच सरळ बसवा, पाय खाली सोडा. आडवं करू नका.
2. पोटाचा पट्टा, नाडा, बूट, मोजे सैल करा.
3. लघवी पाहा: नळी पिळली आहे का, पिशवी भरली आहे का? कॅथेटर नसेल तर घाला.
4. लघवी ठीक असेल तर मलाचा अडका, मग कातडी, नखं, कपड्यातलं काही टोचणारं.
5. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी. कारण सापडून बीपी उतरलं नाही तर १०८ ला फोन.

याच पेशंटना दुखापतीच्या खाली घाम येत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत अंग तापत जातं. ओलं कापड, पंखा, सावली, आणि उन्हात खुर्ची उभी करून कुठेही थांबायचं नाही.

## ६. बसणं आणि खुर्चीत घेणं

आठवडे झोपून राहिलेल्या माणसाला एकदम बसवलं की चक्कर येते. आधी पाठीमागे उशा देऊन ३० अंश, मग ४५, मग ७०, प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर खुर्ची तशीच मागे कलवा, पाय वर. खुर्चीत पहिल्या आठवड्यात अर्धा-अर्धा तास, आणि दर वेळी उतरल्यावर कातडी पाहायची.

खुर्चीचं माप: बैठक नितंबांच्या रुंदीपेक्षा एक-दोन इंचच जास्त. गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं जागा. पायठेवणं जमिनीपासून दोन इंच वर. ‘मोठी घेऊ, ऐसपैस’ असं केलं की माणूस एका बाजूला कलतो, पाठ वाकडी होते आणि एकाच बैठकीच्या हाडावर भार येतो.

पलंगावरून खुर्चीत: खुर्ची पलंगाला तिरकी, दोन्ही ब्रेक, खुर्चीचा पलंगाकडचा हात काढलेला, पायठेवणी बाजूला. पेशंट पलंगाच्या कडेला, तळवे जमिनीवर. डोकं एका दिशेला झुकलं की कंबर विरुद्ध दिशेला उचलली जाते. डोकं खुर्चीपासून लांब, कंबर खुर्चीकडे. मध्ये गुळगुळीत लाकडी फळी असेल तर आणखी सोपं. काखेत हात घालून लटकवत उचलू नका. खांदे आता पायांचंही काम करणार आहेत, ते आयुष्यभर जपायचे आहेत.

## ७. व्यायाम

दिवसातून दोनदा, प्रत्येक सांधा आठ-दहा वेळा, सावकाश. ताणाचे व्यायाम अर्धा ते एक मिनिट धरून. पट्टा निघाल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज वीस मिनिटं पालथं झोपा, खुब्याचा पुढचा भाग आखडत नाही. गुडघ्यांखाली कायम उशी ठेवून झोपल्याने नेमकं उलटं होतं.

जोर नको. निकामी पायातली हाडं काही महिन्यांतच ठिसूळ होतात, ताकद लावून वाकवलं की मोडतात आणि पेशंटला कळतही नाही. एकाच पोटरीला सूज आणि ऊब आली तर मालिश ताबडतोब थांबवून सोनोग्राफी करा. आत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती फुप्फुसात जाऊ शकते. मानेची दुखापत असेल आणि मनगट वर उचलता येत असेल तर मनगट मागे असताना बोटं ताणून सरळ करू नका. त्या बोटांच्या थोड्या आखडण्यामुळेच पुढे ग्लास धरता येतो.

कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) लावून चालण्याचा सराव दुखापतीच्या पातळीवर ठरतो, तो पुनर्वसन डॉक्टरांकडून ठरवून घ्या. स्टेम सेलच्या इंजेक्शनांसाठी जमीन विकू नका. मज्जारज्जूच्या दुखापतीवर ती मान्यताप्राप्त उपचार नाहीत आणि संशोधनात भाग घेण्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

## ८. घरातली माणसं

पेशंटच्या पलंगाशी बसून त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलणं पहिल्या दिवसापासून बंद करा. आंघोळ कधी, भाजी कोणती, भेटायला आज कुणी यावं, हे त्याला विचारा. गर्दीने बघायला येणाऱ्यांना शौचाच्या आणि झोपेच्या वेळेत सरळ नाही म्हणा. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, जेवण नकोसं, ‘माझं ओझं झालंय’ असं वारंवार बोलणं असेल तर त्याला धीर देऊन गप्प करू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि सांभाळणाऱ्यांनीही तो वापरावा. नवरा-बायकोचे संबंध, मूल होणं याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. उपाय असतात, संकोचामुळे ते कळत नाहीत.

## ९. कागद आणि प्रवास

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि मग सिव्हिलला, म्हणजे नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला जा. आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल बरोबर. गादी न विसरता न्या, रांगेत वेळ जातो. बहुतेक योजनांना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. सरकारी नोकरी असेल तर राजीनामा देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामावर अपघात झाला असेल तर अपघाताची नोंद आणि ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) दावा, आणि रस्त्यावरचा अपघात असेल तर दाव्याला मुदत असते म्हणून पहिल्याच महिन्यात वकील.

नाशिकहून मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत जायचं असेल तर निघण्याआधी कॅथेटर करून निघा. गाडीच्या सीटवर व्हीलचेअरची गादी टाका आणि दर वीस मिनिटांनी कलायला सांगा. घाट उतरण्याआधी इगतपुरीला थांबा. बरोबर दोन जादा कॅथेटर, पाण्याची बाटली, साबण आणि एक जोडी कपडे. पोहोचल्यावर आधी आडवं करून माकडहाड पाहा. घरी परतल्यावर पुन्हा एकदा. पुढे दर वर्षी मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) करून त्याच वहीत चिकटवत जा.